जिवाणूंना काय खायला द्यायचं आणि काय नाही: बंदीच्या दोन महिन्यांतला एक धडा



१ जूनला बंदी लागली की ३१ जुलैपर्यंत समुद्रावर जाणं बंद, पण जेटीवरचं काम काही बंद होत नाही. बोटी वर ओढल्या जातात, इंजिनं उघडतात, जुनं ऑइल निघतं, तळ खरवडला जातो, नवा रंग लागतो. क्रेट, टब, मासळी ठेवायची जागा, सगळं घासून-पुसून होतं. आणि हे सगळं धुतलेलं पाणी जातं कुठं? उतार जिकडं आहे तिकडं, म्हणजे खाडीत. त्याच खाडीत, जिथं आपल्याच घरातल्या बायका ओहोटीला तिसऱ्या काढायला उतरतात.

गेल्या बंदीत आमच्याकडं एक विक्रेता आला होता. हातात पांढरा कॅन. म्हणाला, "ह्यात तेल खाणारे बॅक्टेरिया आहेत. गटारात ओता, पंधरा दिवसांत पाणी स्वच्छ." वासानं आम्ही सगळेच वैतागलो होतो. संस्थेच्या पैशातून चार कॅन घेतले आणि जेटीमागच्या गटारात ओतले. आठवडाभर वास कमी झाल्यासारखा वाटला, मग पुन्हा जैसे थे. सभेत वाद झाला. कुणी म्हणालं फसवलं, कुणी म्हणालं अजून चार कॅन आणा. शेवटी मासळी बाजारातली एक मावशी बोलली, आणि तिचं बोलणं आमच्या डोक्यात बसलं: "अरे बाबांनो, जिवंत जीव सोडलात ना तिथं? मग त्यांना जगायला काय ठेवलंत?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्ही जे शिकलो, ते आज सगळ्यांसाठी मांडतोय. बंदीचे दिवस आहेत, हाताशी वेळ आहे. शांतपणे वाचा.

जिवाणू "खातात" म्हणजे नेमकं काय करतात?

जिवाणू, म्हणजे बॅक्टेरिया, डोळ्यांना दिसत नाहीत, पण चिमूटभर चिखलात कोट्यवधी असतात. मासळीचं रक्त, आतडी, चरबी, डिझेल, साबण ह्या सगळ्यांत कार्बन असतो. जिवाणू तो कार्बन हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं "जाळतात". आपण भात खाऊन श्वास घेतो तसंच. शेवटी उरतं काय? कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि आणखी जिवाणू.

आपल्या कामात सगळ्यात जास्त सापडणारं रसायन म्हणजे अमोनिया. मासळी कुजली की तिच्यातल्या प्रथिनांपासून तो तयार होतो. नाकाला झोंबतो तो वास त्याचाच. थोडा अमोनियाही माशांच्या कल्ल्यांना घातक ठरतो. त्याला काढायचं काम एका जातीच्या जिवाणूंनी होत नाही. इथं बोटीसारख्या पाळ्या असतात:

पहिली पाळी: नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात.

दुसरी पाळी: नायट्रोबॅक्टर आणि नायट्रोस्पायरा जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात.

तिसरी पाळी: हवा नसलेल्या जागेतले वेगळे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन काढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायू हवेत सोडतात. आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के तोच वायू आहे. त्याचा कुणाला त्रास नाही.

पहिल्या दोन पाळ्यांना हवा लागते, तिसरीला हवा चालत नाही. म्हणून चांगल्या सांडपाणी प्रकल्पात हवा सोडलेली टाकी आणि हवा नसलेली टाकी, दोन्ही असतात. आणि हवा किती लागते बघा: अमोनियातला १ ग्रॅम नायट्रोजन नायट्रेटपर्यंत न्यायला सुमारे ४.६ ग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो.

काम तेच, फक्त जागा वेगळी

हा ह्या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं की प्रकल्प नसला तर घाण तशीच राहते. तसं नाही. घाण खाडीत गेली तरी जिवाणू ती खातातच. प्रश्न इतकाच, की ते ऑक्सिजन कुठला वापरतात?

आपल्याकडच्या गरम, खाऱ्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन फार विरघळत नाही. तीस अंश तापमानाला एक लिटर समुद्राच्या पाण्यात जास्तीत जास्त सहा मिलिग्रॅमच्या आसपास. तो दोनच्या खाली गेला की मासे पळतात, आणि पळायला वाट नसली तर मरतात. तिसऱ्या, खुबे, शिनाणे ह्यांना तर पळताच येत नाही. पहाटे खाडीत मासे वर येऊन तोंड उघडताना दिसतात ना? रात्री पाण्यातल्या वनस्पती ऑक्सिजन देत नाहीत, उलट घेतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. अशा वेळी वरून रक्ताचं पाणी, चरबी, आतडी आली की जिवाणूंची पंगत बसते आणि माशांच्या वाट्याचा ऑक्सिजन संपतो. विष टाकलं असेल असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा ते विष नसतं, ती घुसमट असते.

सांडपाणी प्रकल्प म्हणजे काय, तर हीच पंगत खाडीत न बसवता टाकीत बसवायची आणि हवा आपण पुरवायची. एवढंच. त्यात जादू काही नाही.

ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१४ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरला एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हे दोघे शहराच्या सांडपाण्यात हवा सोडून बघत होते. पहिल्या वेळी सगळा अमोनिया संपायला सुमारे पाच आठवडे लागले. एवढे दिवस पाणी साठवायचं तर कुठल्या शहराला परवडेल? पण त्यांनी एक गोष्ट केली. वरचं स्वच्छ पाणी काढून घेतलं आणि तळाचा गाळ फेकून न देता त्यावरच नवं सांडपाणी ओतलं. असं पुन्हा पुन्हा केल्यावर तेच काम चोवीस तासांच्या आत व्हायला लागलं. कारण तो गाळ म्हणजे नुसती घाण नव्हती, ती तयार झालेली जिवाणूंची फौज होती. आजही जगभरातले बहुतेक मोठे प्रकल्प ह्याच तत्त्वावर चालतात.

घरातली विरजणाची वाटी आठवा. आदल्या दिवसाचं थोडं दही राखून ठेवलं तरच उद्याचं लागतं. वाटी रोज धुऊन टाकली तर रोज शेजारी मागायला जावं लागेल. आम्ही गटारात कॅन ओतले तेव्हा हीच चूक केली. वाहत्या पाण्यात विरजण टाकलं. भरतीबरोबर ते निघून गेलं.

तेलाचं काय?

तेल खाणारे जिवाणू खरोखर आहेत, ह्यात विक्रेता खोटं बोलला नव्हता. अल्कॅनिवोरॅक्स नावाचे जिवाणू समुद्रात जवळपास सगळीकडं थोड्या संख्येनं असतात आणि तेल दिसलं की झपाट्यानं वाढतात. त्यातल्या एका जातीला जर्मनीच्या बोर्कुम बेटाचं नाव मिळालं आहे. आपल्या देशातल्या संशोधकांचंही ह्यात मोठं नाव आहे. बंगालमध्ये जन्मलेले आनंद मोहन चक्रवर्ती अमेरिकेत काम करत होते. तेलातले वेगवेगळे घटक खाऊ शकेल असा जिवाणू त्यांनी प्रयोगशाळेत तयार केला, आणि १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सजीवावर पेटंट मिळू शकतं असा निकाल दिला तो त्यांच्याच खटल्यात.

पण उघड्या समुद्रात काय होतं ते अलास्कात दिसलं. २४ मार्च १९८९ ला एक्सॉन वाल्डीझ नावाचं तेलवाहू जहाज प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर चढलं आणि सुमारे चार कोटी लिटर कच्चं तेल पाण्यात गेलं. किनारा आपल्यासारख्याच मच्छीमारांचा. तिथं बाहेरचे जिवाणू सोडण्यापेक्षा किनाऱ्यावर खत टाकण्यावर भर दिला गेला. कारण तेल खाणारे जिवाणू तिथं होतेच. तेलात कार्बन भरपूर असला तरी नायट्रोजन आणि फॉस्फरस नसतो. नुसता भात आहे, आमटी-मासळी नाही, तर माणूस किती दिवस काम करेल? खत मिळाल्यावर वरवरचं तेल लवकर कमी झालं. पण वाळू-गोट्यांच्या खाली, जिथं हवा पोचत नाही, तिथं गेलेलं तेल कित्येक वर्षांनी खणून बघितलं तेव्हाही सापडलं.

म्हणजे पुन्हा तेच: जिवाणू असून भागत नाही, त्यांना हवा आणि पूर्ण जेवण लागतं.

आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडावर काळे डांबराचे गोळे येतात, ते तर आपण लहानपणापासून पायाला चिकटलेले बघतोय. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं त्यांचा अभ्यास केला आहे. समुद्रात पडलेल्या तेलाचा हलका भाग हवेत उडून जातो, मधला भाग जिवाणू हळूहळू खातात, आणि त्यांना चावता न येणारा जड भाग गोळा होऊन किनाऱ्याला लागतो. डांबराचा गोळा म्हणजे जिवाणूंनी ताटात टाकलेलं उष्टं, असंच म्हणा ना.

जे जिवाणू कधीच खाऊ शकत नाहीत

तेल, चरबी, अमोनिया हे तुकडे होणारे पदार्थ आहेत. पण तांबं, शिसं, पारा हे धातू मूळ पदार्थ आहेत, त्यांचे आणखी तुकडे होत नाहीत. जिवाणू त्यांना अंगाला चिकटवून घेतील, त्यांचं रूप बदलतील, पण नाहीसं करणार नाहीत. प्रकल्पात गेलेला धातू गाळात साठतो आणि गाळ जिथं टाकाल तिथं तो जातो.

काही वेळा जिवाणू गोष्ट आणखी बिघडवतात. हवा नसलेल्या चिखलातले काही जिवाणू साध्या पाऱ्याचा मिथिल पारा करतात, आणि तो मासळीच्या अंगात साठत जातो. मिथिल पारा काय करतो हे जपानच्या मिनामाता गावात कळलं. तिथं तर कारखान्याच्या सांडपाण्यातूनच तो थेट खाडीत येत होता. १९५६ साली आजाराची अधिकृत नोंद झाली. पहिले बळी कोण? रोज खाडीची मासळी खाणारी मच्छीमार कुटुंबं. हातपाय थरथरणं, दिसेनासं होणं, आणि आईनं मासळी खाल्ली म्हणून पोटातल्या बाळाला इजा. घाण पाण्याची पहिली किंमत नेहमी आपल्यासारख्यांनाच मोजावी लागते, हे त्या गावानं जगाला दाखवलं.

बंदीत आपण बोटीचा तळ खरवडतो तेव्हा पडणारे रंगाचे कपचे ह्याच यादीत येतात. शेवाळ आणि कालवं चिकटू नयेत म्हणून त्या रंगात तांब्याची संयुगं असतात. म्हणजे ते जीव मारण्यासाठीच बनवलेले असतात. पूर्वी टीबीटी नावाचं कथिलाचं संयुग घालायचे. ते इतकं घातक निघालं की समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटायला लागले. २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारानं जहाजांवर त्याला बंदी आहे. जुन्या रंगाच्या थरात ते अजून असू शकतं. असे कपचे कुठलाही बॅक्टेरिया खाणार नाही.

आमचे चार कॅन वाया का गेले?

आता आमच्या गटाराकडं वळू. हिशेब मांडला तेव्हा पाच कारणं सापडली.

एक, हवा नव्हती. गटार झाकलेलं, पाणी साचलेलं, वर तेलाचा तवंग.

दोन, ब्लीचिंग. रोज दुपारी क्रेट धुतल्यावर ब्लीचिंग पावडरचं पाणी त्याच गटारात सोडलं जात होतं. सकाळी जिवाणू सोडायचे आणि दुपारी मारायचे.

तीन, खारटपणा. पाऊस पडला की गोडं पाणी, भरती आली की खारं. जिवाणूंना दोन्हीची सवय होते, पण हळूहळू. अचानक बदल झाला तर ते मरू शकतात.

चार, टिकून राहायला जागा नव्हती. पाणी वाहतं, गाळ राखून ठेवायची सोयच नाही.

पाच, खाद्य बेसुमार. आतडी, खवले, जुनं इंजिन ऑइल, सगळं एकत्र.

सहावा कॅन आणला असता तरी हेच झालं असतं.

मग ह्या बंदीत काय करायचं?

जुनं इंजिन ऑइल थेंबभरही पाण्यात नको. ड्रममध्ये भरा, झाकण लावा, परवानाधारक गोळा करणाऱ्याला द्या. एक लिटर डिझेलचा हिशेब देतो. किनाऱ्यालगत सोडायच्या सांडपाण्यात तेल-चरबीची सरकारी मर्यादा लिटरला २० मिलिग्रॅम आहे. एक लिटर डिझेल त्या मर्यादेत बसायला सुमारे ४२ हजार लिटर पाणी लागेल, म्हणजे दहा हजार लिटरचे चारहून जास्त टँकर. पाणी मिसळून सोडा असा ह्याचा अर्थ नाही. एक लिटर वाचवणं किती सोपं आणि काढणं किती अवघड, एवढंच सांगायचंय.

बोटीच्या तळातल्या तेलकट पाण्यावर साबण ओतू नका. तवंग दिसेनासा होतो, पण तेल कुठं जात नाही. बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळतं आणि अंडी-पिल्लांपर्यंत जास्त सहज पोचतं. त्यापेक्षा पाणी ड्रममध्ये स्थिर ठेवा, वर आलेलं तेल काढा, शोषणाऱ्या कापडानं टिपा.

तळ खरवडताना खाली ताडपत्री अंथरा. कपचे झाडून पोत्यात भरा आणि घातक कचरा म्हणून वेगळे द्या. ओहोटीच्या चिखलात पडू देऊ नका.

मासळी धुण्याच्या जागी आधी जाळी लावा. खवले, डोकी, आतडी सुकी उचला, मग पाणी मारा. ह्याला खर्च जवळपास नाही आणि जिवाणूंचं बरंच ओझं इथंच कमी होतं.

ब्लीचिंगचं पाणी वेगळं ठेवा. क्रेट निर्जंतुक करायलाच हवेत, त्यात तडजोड नाही. पण ते पाणी जिवाणूंच्या टाकीत सोडायच्या आधी उघड्या टाकीत दिवसभर उन्हात राहू द्या.

घरच्या सेप्टिक टाकीतही हेच. तिथंही जिवाणूच काम करतात. रोज ॲसिड, फिनाईल ओतलं की टाकी लवकर भरते, मग आपण टाकी बांधणाऱ्याला दोष देतो.

आणि एक जिवाची गोष्ट. खाऱ्या पाण्यात सल्फेट असतं. हवा नसली की काही जिवाणू त्याचा सडक्या अंड्याच्या वासाचा वायू करतात. बंद टाकीत, गटाराच्या चेंबरमध्ये किंवा कुजलेली मासळी असलेल्या बोटीच्या कप्प्यात तो साठतो. जास्त झाला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणूस जागेवर कोसळतो. वाचवायला उतरलेला दुसराही जातो. कुणीही, कितीही घाई असली तरी, हवा खेळवल्याशिवाय आणि वर माणूस उभा असल्याशिवाय आत उतरू नये.

जेटीवर टाकी बसवायची तर

आमच्या संस्थेत आता हा विचार सुरू आहे. क्रम साधा आहे: जाळी, मग तेल-चरबी अडवणारी टाकी, मग हवा सोडलेली टाकी, मग गाळ बसायची टाकी, आणि बसलेला गाळ थोडा परत हवेच्या टाकीत. तेच आर्डर्न-लॉकेटचं विरजण.

पण आपल्या धंद्यात एक खास अडचण आहे: बंदी. दोन महिने मासळी नाही म्हणजे जिवाणूंना जेवण नाही, ते उपाशी मरतात. ऑगस्टच्या पहिल्या दिवशी एकदम पूर्ण ओझं टाकलं तर टाकी नासते. म्हणून बंदीत पंप रोज थोडा वेळ चालू ठेवायचा, जमेल तेवढं हलकं सांडपाणी द्यायचं, आणि हंगाम सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत हळूहळू ओझं वाढवायचं. फारच मेले तर जवळच्या चालू प्रकल्पातला ताजा गाळ आणून विरजण लावायचं. वीजबिल आणि देखभाल कोण बघणार हे आधी ठरवायचं. हवा बंद झाली की काही तासांत टाकी सडायला लागते.

विक्रेता आला तर विचारा

बाटलीतले जिवाणू नेमकं काय खातात, चरबी, अमोनिया की डिझेल? "सगळं" असं उत्तर आलं तर चहा पाजून निरोप द्या.

किती खारटपणात जगतात?

हवा किती लागेल आणि ती कोण देणार?

आधीच्या आणि नंतरच्या पाण्याची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतली तपासणी करून देणार का? वासावर विश्वास ठेवू नका. वास कमी झाला म्हणजे घाण गेली असं नव्हे.

चार कॅनचे पैसे गेले, ते आम्ही शिकवणीची फी समजतो. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर आता आमच्याकडं आहे. त्या जिवांना जगायला हवा, वेळ, राहायची जागा आणि बेताचं खाणं ठेवायचं, आणि विष तेवढं आपणच दूर ठेवायचं. एवढं केलं तर ते विनापगारी खलाशी आहेत, रात्रंदिवस काम करतील. नाही केलं तर तेच काम ते खाडीत करतील, माशांच्या वाट्याच्या ऑक्सिजनवर.

ह्या आठवड्यात आपापल्या बोटीचं जुनं ऑइल मोजा आणि ते कुठं ठेवलंय ते संस्थेत कळवा. सुरुवात तिथूनच करू.